आपल्याला नेमकं काय करायचंय: ते शोधण्याची आणि सुरू करण्याची रीत

ही रीत नोकरी, हप्ते आणि घर सांभाळून स्वतःचं काही उभं करू पाहणाऱ्यांसाठी आहे. विशीतल्या मुलामुलींनाही चालेल. पण त्यांच्याकडे मागे वळून बघायला नोंदी कमी असतात, त्यामुळे त्यांनी पुढे दिलेल्या सहा आठवड्यांच्या चाचणीवर जास्त भर द्यावा.

लागतं फार थोडं. शंभर पानी वही, पेन, गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि दीड-दीड तासाच्या दोन बैठका, मध्ये एका आठवड्याचं अंतर ठेवून. मोबाइल दुसऱ्या खोलीत. ३१ डिसेंबरच्या रात्री किंवा साहेबांशी वाजल्यावर बसू नये. त्या दिवशी वहीत फक्त राग उतरतो, आणि रागातून निघालेलं ध्येय दुसऱ्या पगारापर्यंत टिकत नाही.

पहिली बैठक: मागचं खोदून काढा

‘मला काय व्हायचंय’ हा प्रश्न आज बाजूला ठेवा. त्याऐवजी गेल्या दहा वर्षांत कोणी न सांगता, पैसे किंवा मार्क मिळणार नसताना केलेली कामं लिहा. किमान वीस. सोसायटीच्या गणपतीचा हिशेब, भाचीचा सायन्स प्रोजेक्ट, ऑफिसातल्या नव्या मुलाला एक्सेल शिकवणं, आजीच्या औषधांचं वेळापत्रक, काहीही चालेल. पहिली सात-आठ झरझर येतात आणि ती बहुतेक चारचौघांत सांगण्यासारखी असतात. मग पेन अडतं. तिथे चहा करायला उठू नका. कामाचं जे काही सापडतं ते साधारण बाराव्या नोंदीनंतरच.

प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहा: ते कोणासाठी केलं, आणि त्यातला कोणता कंटाळवाणा भाग तुम्ही तक्रार न करता निभावला. दुसरी नोंद जास्त बोलकी असते. नाटक सगळ्यांनाच आवडतं. रोज तालमीच्या आधी येऊन सतरंज्या घालणारा एखादाच असतो, आणि नाटकाच्या कामात पुढे तोच टिकतो.

आता क्रियापदांखाली रेघ ओढा. शिकवलं, जुळवलं, दुरुस्त केलं, नोंदी ठेवल्या, समजूत काढली, पिकवलं. जे क्रियापद चार-पाच वेळा आलं ते वेगळ्या पानावर घ्या. बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते, कारण ते पदं लिहून बसतात: लेखक, उद्योजक, समाजसेवक. पदाला सोमवारी सकाळी काय करायचं ते माहीत नसतं, क्रियापदाला असतं.

पुढचं अर्ध पान हेव्याचं. ज्यांचा हेवा वाटतो अशी पाच माणसं लिहा आणि नेमका कशाचा वाटतो ते खरं लिहा. त्यांच्या सत्काराचा, की त्यांच्या साध्या मंगळवारचा? ज्याच्या मंगळवारचाही हेवा वाटतो त्याचं काम तुमच्या जवळचं. उरलेल्यांचं फक्त कौतुक करावं आणि पुढे जावं.

शेवटी स्टेटमेंट. ईएमआय, किराणा, फी, वीजबिल यांवर फुली मारा आणि राहिलेल्या खर्चात काय दिसतं ते बघा. तिथे ट्रेकचं सामान आहे, रोपवाटिका आहे, की फक्त घरपोच जेवण? खरेदी करून अर्धवट सोडलेले किंवा न पाहिलेले ऑनलाइन कोर्स दिसले तर तेही टिपून ठेवा. ती तुमची आवड असेलच असं नाही, पण तुमची पळवाट नक्की आहे.

दुसरी बैठक: एक वाक्य

आठवड्यानंतर तीच पानं वाचा आणि जास्तीत जास्त वीस शब्दांचं एक वाक्य लिहा. त्यात चार गोष्टी हव्यात: कोणासाठी, काय, कुठे, आणि जमलं हे कशावरून कळेल. ‘समाजासाठी काहीतरी करायचंय’ यात चारपैकी एकही नाही.

एक नमुना धरून चालू. डोंबिवलीत राहणारी, रोज सीएसएमटीजवळच्या ऑफिसात जाणारी चाळिशीतली बाई. तिच्या वहीत ‘शिकवलं’ सहा वेळा आलं, आणि सहापैकी चार वेळा समोर गणिताला घाबरणारं मूल होतं. तिचं वाक्य: ‘आमच्या भागातल्या महापालिकेच्या शाळेतल्या पाचवी-सहावीच्या मुलांनी अपूर्णांकांची गणितं न घाबरता सोडवावीत.’ हे वाक्य ऐकून कोणी टाळ्या वाजवणार नाही. पण उद्या काय करायचं ते त्यातून कळतं.

वाक्य झालं की एकच कसोटी लावा: हे काम करताना कोणाला सांगायचं नाही, स्टेटस टाकायचं नाही, नातेवाइकांत विषय काढायचा नाही, अशी अट असती तरी केलं असतं का? उत्तर यायला वेळ लागला तर पुन्हा वीस नोंदींकडे जा. वाक्यात वडिलांचं, मोठ्या भावाचं किंवा जिल्हाधिकारी झालेल्या गाववाल्याचं स्वप्न शिरलेलं असतं ते इथे बाहेर पडतं.

वाक्य पुढे बदलेल म्हणून लिहायचं टाळू नका. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली स्वतः विधवेशी पुनर्विवाह केला आणि आधी काम धरलं ते विधवाविवाहाच्या प्रचाराचं. त्याला समाजातून फार साथ मिळेना, तेव्हा त्यांनी रोख विधवांच्या शिक्षणाकडे वळवला: १८९६ साली आश्रम, १९०७ साली महिला विद्यालय, १९१६ साली महिला विद्यापीठ. विद्यापीठाच्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. कोणासाठी हे जवळजवळ तेच राहिलं, काय हे बदलत गेलं. आणि आपल्याला उपयोगी पडेल अशी गोष्ट ही, की आश्रम उभा राहत होता त्या काळात ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवतच होते.

वेळेचा हिशेब

आठवड्याचे तास १६८. आपल्या नमुन्यातल्या बाईंचे: नोकरी ४५, प्रवास १५, झोप ४९, स्वयंपाक-घर २१, आवरणं-जेवण १४. झाले १४४, उरले २४. त्यातले मोबाइल, पाहुणे आणि मुलांचा अभ्यास मिळून १४ खातात. हाती १०. योजना करायची ती फक्त ५ तासांची. उरलेले पाच आजारपण, लग्नकार्य आणि मेगाब्लॉकसाठी सोडायचे, ते लागतातच.

घरच्यांशी बोलताना ध्येयावर भाषण देऊ नका, तास मागा. ‘शनिवारी साडेचार ते साडेसहा मी नसेन, संध्याकाळचा कुकर तुम्ही लावा’ एवढं बोलणं पुरतं. भांडणं होतात ती बहुधा न सांगता गायब झालेल्या दोन तासांवरून.

सहा आठवड्यांची चाचणी

राजीनामा, भाड्याची जागा, लोगो, व्हिजिटिंग कार्ड, व्हॉट्सॲप ग्रुप यांतलं काहीही आत्ता नको. आधी खर्चाची मर्यादा ठरवा, समजा २००० रुपये. थांबण्याची तारीखही आत्ताच लिहा, कारण काम सुरू झाल्यावर ती लिहिवत नाही.

पहिले दोन आठवडे: हेच काम करणाऱ्या तीन जणांना अर्धा-अर्धा तास भेटा. सल्ला मागू नका, सल्ला सगळे देतात. विचारा: गेल्या आठवड्यात यावर किती तास गेले? सर्वात कंटाळवाणं काय? पैसा कुठून येतो? कोणत्या महिन्यात सोडून द्यावंसं वाटलं आणि का?

तिसरा ते सहावा आठवडा: प्रत्यक्ष काम, शक्य तितकं लहान. आपल्या नमुन्यातल्या बाईंसाठी: दोन मुलं, शनिवारची एक बैठक, आपल्याच हॉलमध्ये, मुलांच्या पालकांना आधी भेटून आणि दार उघडं ठेवून. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, त्यातून ३ सेंटिमीटरच्या सात उभ्या पट्ट्या निघतात. एक अख्खी ठेवायची, दुसरीचे घडी घालून दोन भाग, तिसरीचे चार, चौथीचे आठ. बरीच मुलं एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा सांगतात, कारण आठ चारापेक्षा मोठे. पट्ट्या शेजारी ठेवल्या की मूल स्वतःच गप्प होतं आणि पुन्हा मोजतं. तीन भागांची घडी मात्र नीट बसत नाही. कागदी पट्टी २९.७ सेंटिमीटर लांब, तेव्हा मोजपट्टीने दर ९.९ सेंटिमीटरवर खूण करावी, नाहीतर मुलं ‘हे सारखे नाहीत’ म्हणून पकडतात, आणि बरोबरच पकडतात.

एवढं बारीक लिहिण्याचं कारण असं की चाचणीत कळायला हवं ते या पातळीवरच कळतं. शुक्रवारी रात्री पट्ट्या कापताना हात चालत होते की जड झाले होते? चौथ्या शनिवारी एकच मूल आलं तेव्हा हायसं वाटलं की चुटपुट लागली? हायसं वाटलं असेल तर ते प्रामाणिकपणे वहीत लिहा.

काम हातून घडावं म्हणून

‘रोज थोडा वेळ काढीन’ हा निश्चय बुधवारपर्यंत विरतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अभ्यासलेली ‘जर-तर’ची पद्धत साधी आहे आणि खरोखर चालते: ठरावीक वेळ किंवा प्रसंग, त्याला जोडलेली ठरावीक कृती. ‘शुक्रवारी जेवणाची ताटं उचलली की टेबलावरच पट्ट्या कापायला बसायचं.’ अडचणींचीही आधीच बांधणी करा: ‘गाडी उशिरा आली तर पट्ट्या शनिवारी सकाळी दुधाच्या वेळी.’ अशी तीनच वाक्यं लिहा. दहा लिहिली की एकही आठवत नाही.

भिंतीवर स्वप्नांची चित्रं चिकटवायची असतील तर चिकटवा, पण त्यावर विसंबू नका. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले एटिंगेन यांच्या प्रयोगांत असं दिसलं, की यशाची नुसती गोड चित्रं रंगवणाऱ्यांचा जोर उलट कमी पडतो. चित्राच्या जोडीला समोरचा अडथळाही डोळ्यांपुढे आणला की फायदा होतो. तेव्हा चित्राखाली अडथळा लिहा, आणि त्याखाली त्याचं ‘जर-तर’.

२१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले, आणि पसारा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. काम किती दिवसांत होईल या अंदाजाचंही तसंच. १९९४ सालच्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले, लागले सुमारे ५५. आपल्या अंदाजाला सरळ पावणेदोनने गुणा आणि मगच कोणाला तारीख द्या.

रविवारी वीस मिनिटं वही उघडायची: ठरवलेलं किती झालं, काय आडवं आलं, पुढच्या आठवड्याची एक कृती कोणती. सलग दोन आठवडे काम झालं नाही तर स्वतःला बोल लावत बसू नका. कामाचा आकार अर्ध्यावर आणा. दोन तासांची बैठक एक तासाची करा, पण वार बदलू नका. वार बदलला की पुढच्या वेळी तोही बदलतो.

सहा आठवड्यांनंतर

पुढे जायचं ठरलं तर तीन महिन्यांचा दुसरा टप्पा आखा आणि फक्त एकच गोष्ट वाढवा: मुलं, वार किंवा विषय. तिन्ही एकदम वाढवलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर काम पुन्हा सुरू होत नाही. नोकरी सोडण्याचा विचार सहा महिन्यांचा घरखर्च हप्त्यांसकट बाजूला पडल्याशिवाय आणि कुटुंबाचा आरोग्यविमा कंपनीच्या पॉलिसीबाहेर स्वतःच्या नावावर झाल्याशिवाय करू नये. विमा बरेच जण विसरतात आणि नोटीस पीरिअडमध्ये धावपळ करतात.

स्पर्धा परीक्षा हेच ज्यांचं वाक्य आहे त्यांच्यासाठी चाचणी वेगळी: किती प्रयत्न आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पहिला फॉर्म भरतानाच वहीत लिहून घरच्या एका माणसाची त्यावर सही घ्यावी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चौथं वर्ष सुरू झाल्यावर हा आकडा ठरवता येत नाही. तोवर गेलेली वर्षंच पुढचं वर्ष मागायला लागतात.

आणि नको वाटलं तर थांबा. वाक्यातला कोणता भाग चुकला ते बघा. मुलं आवडली पण शिकवणं जमलं नाही, की शिकवणं जमलं पण मोठी माणसं बरी वाटली असती? तेवढा एक शब्द बदला आणि त्याच वहीत, नव्या तारखेसह, पुढचे सहा आठवडे आखा. वहीत अजून ऐंशीच्या आसपास पानं कोरी असतील.