क्रिप्टोत पैसे घ्यायचेत? पत्ता देण्याआधी नेटवर्क विचारा

मी कोल्हापुरात बसून मोशन ग्राफिक्सची कामं करते. परदेशातले काही छोटे स्टुडिओ युएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात, पैसे देतात, एखादा बिटकॉइनमध्ये. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचं असं पहिलं पेमेंट ठरलं की हमखास विचारणा होते, "ताई, ग्राहक वॉलेट अ‍ॅड्रेस, म्हणजे पैसे पाठवायचा पत्ता, मागतोय, कुठला देऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी त्याला विचार, नाणं कुठलं आणि नेटवर्क कुठलं.

नेटवर्क म्हणजे ज्या ब्लॉकचेनवर, म्हणजे सामायिक डिजिटल नोंदवहीत, व्यवहार नोंदले जातात ती. युएसडीटी एकच दिसत असलं तरी ते ट्रॉनवर वेगळं धावतं, इथेरियमवर वेगळं, पॉलिगॉनवर वेगळं. अ‍ॅपमध्ये हे टीआरसी-२० (ट्रॉन), ईआरसी-२० (इथेरियम) अशा नावांनी दिसतं. बँकेत खाते क्रमांकाबरोबर आयएफएससी लागतो, तसं इथे पत्त्याबरोबर नेटवर्क लागतं. ते चुकलं आणि पत्ता एक्स्चेंजचा, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीतल्या खात्याचा असला, तर पैसे ब्लॉकचेनवर पोचलेले दिसतात पण खात्यात जमा होत नाहीत. मग सपोर्टच्या नाकदुऱ्या काढत बसायचं, आणि परत मिळतीलच याची खात्री नाही.

पत्ता सापडतो कुठे? स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट, ब्लूवॉलेट यांसारख्या अ‍ॅपमध्ये, 'रिसीव्ह'वर दाबा. एक्स्चेंजवर हेच 'डिपॉझिट'खाली असतं. नाणं निवडा, नेटवर्क निवडा, मग क्यूआर कोड आणि खाली अक्षरांची लांब ओळ येते. ती ओळ म्हणजे पत्ता. हाताने टाइप करू नका, कॉपीचं बटण वापरा.

ओळीच्या सुरुवातीवरून नेटवर्क बरंचसं ओळखता येतं. ट्रॉनचा पत्ता कॅपिटल 'टी'ने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. इथेरियमचा शून्य आणि एक्सने सुरू होतो, एकूण ४२ अक्षरं. पॉलिगॉनचाही अगदी तसाच दिसतो, म्हणून तिथे नुसत्या पत्त्यावरून नेटवर्क कळत नाही, सांगावंच लागतं. बिटकॉइनचे पत्ते १, ३ किंवा 'बीसी१'ने सुरू होतात. बिटकॉइनची बरीच वॉलेटं दर वेळी नवा पत्ता दाखवतात. घाबरू नका, जुनेही चालतात. एक्सआरपी किंवा स्टेलर ही नाणी एक्स्चेंजवर घेत असाल तर पत्त्याखाली टॅग किंवा मेमो असतो. एक्स्चेंजच्या बऱ्याच खातेदारांचा पत्ता तिथे एकच असतो आणि पैसे कुणाचे हे त्या आकड्यावरून ठरतं. तो द्यायला विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पत्ता जुळवणं. कॉपी केलेला पत्ता पेस्ट होताना गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत. शिवाय ठग तुमच्या पत्त्यासारखीच पहिली-शेवटची अक्षरं असलेला पत्ता तयार करतात आणि त्यावरून ग्राहकाच्या वॉलेटमध्ये किरकोळ व्यवहार टाकून ठेवतात. पुढच्या वेळी ग्राहकाने जुन्या यादीतून पत्ता उचलला की पैसे ठगाकडे. म्हणून माझ्या बिलावर नाणं, नेटवर्क, पत्ता अशा तीन वेगळ्या ओळी असतात आणि खाली लिहिलेलं असतं की पत्ता दर वेळी या बिलातूनच घ्यावा. मोठी रक्कम असेल तर व्हिडिओ कॉलवर पहिली सहा, शेवटची सहा आणि मधली कुठलीही चार अक्षरं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेते. मधली चार जुळवायचा कुणालाही कंटाळा येतो, आणि ठगांची भिस्त नेमकी त्यावरच असते.

त्यानंतर आधी दहा डॉलर मागवा. ते पोचले की बाकीचे. या चाचणीचं शुल्क मी बिलातच धरते, ग्राहकाशी घासाघीस नको.

"पाठवले" म्हणून आलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, मागा आणि ट्रॉनस्कॅन किंवा इथरस्कॅन या व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर स्वतः बघा: रक्कम, तुमचा पत्ता, आणि टोकन खरंच युएसडीटी आहे का. त्याच नावाची बनावट टोकनंही फिरतात. ट्रॉनवर मिनिटभरात काम होतं. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, सरासरी १० मिनिटांनी येतो. मोठ्या रकमेला सहा कन्फर्मेशन होईपर्यंत, म्हणजे आपला व्यवहार असलेला ब्लॉक धरून सहा ब्लॉक येईपर्यंत, साधारण तासभर, फायनल फाइल मी देत नाही.

पत्ता दिल्याने पैसे चोरीला जात नाहीत, पण त्या पत्त्यावरची शिल्लक आणि जुने व्यवहार कुणालाही दिसतात. बचतीचं वॉलेट म्हणूनच वेगळं ठेवा. आणि वॉलेटची किल्लीच असलेला १२ किंवा २४ शब्दांचा जो रिकव्हरी फ्रेज आहे, तो पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. मागणारा चोर समजा, मग तो 'सपोर्ट'मधला का असेना.

स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतलेलं युएसडीटी पुढे पाठवायला त्या नेटवर्कचं नाणं लागतं: ट्रॉनवर टीआरएक्स, इथेरियमवर इथर. थोडं आधीच घेऊन ठेवा, नाहीतर पैसे दिसतात पण हलत नाहीत.

पैसे आले त्याच दिवशी तारीख, हॅश आणि रुपयांतली किंमत वहीत उतरवा. मिळालेली किंमत कामाचं उत्पन्न धरली जाते; पुढे विकताना नफा झाला तर त्यावर ३० टक्के कर, वर सेस, आणि विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. बँकेतून डॉलर आल्यावर जी कागदपत्रं मिळतात ती इथे मिळत नाहीत, तेव्हा परदेशी ग्राहकाला होकार देण्याआधी सीएशी बोलून घ्या.