नॉर्स सफरी वाचायला घेताय? या चुका टाळा

नॉर्स म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी, ज्यांना लोक सरसकट व्हायकिंग म्हणतात. त्यांच्या शिंगांच्या शिरस्त्राणावरून मी आता भांडत नाही. ती शिंगं १८७६ सालच्या, जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेतून लोकांच्या डोक्यात बसली, एवढं सांगतो नि पुढं जातो.

खरी चीड येते ती जहाजाच्या चित्राची. ग्रीनलंड म्हटलं की ड्रॅगनतोंडी, निमुळती युद्धनौका! मीही एका प्रदर्शनाच्या तक्त्यावर तीच रंगवली होती. सगळा जन्म गलबतावर काढलेले एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, चित्र झकास. पण यात गुरं कुठं बांधायची?"

मी गप्प. वस्तीला निघालेली ही माणसं गायी-मेंढ्या नि वैरण घेऊन जायची, आणि त्यासाठी क्नॉर नावाचं रुंद पोटाचं मालवाहू जहाज असायचं. डेन्मार्कमध्ये रोस्किलच्या खाडीतून १९६२ साली असं एक वर काढलं: लांबी सुमारे १६ मीटर, माल २४ टनांपर्यंत, भिस्त शिडावर, वल्ही नावापुरती. तरी समुद्र तो समुद्रच. ग्रीनलंडची वसाहत उभारणाऱ्या एरिक द रेडबरोबर ९८५ च्या सुमारास २५ जहाजं निघाली आणि १४ पोचली, असं 'लांडनामाबोक' हा आइसलंडच्या वसाहतीचा जुना ग्रंथ सांगतो. तेव्हापासून कुठलीही सफर वाचताना मी आधी जहाजावरचं ओझं विचारतो.

दुसरी खोड म्हणजे एकच सागा, म्हणजे जुनी आइसलंडी गद्यकथा, वाचून मोकळं होणं. 'ग्रीनलंडकरांची सागा' म्हणते, अमेरिकेचा किनारा आधी दिसला तो वाट चुकलेल्या ब्यार्नीला. 'एरिकची सागा' तो मान एरिकच्या मुलाला, लाइफला देते. दोन्ही लिहिल्या गेल्या दोनेकशे वर्षांनी. मी दोन्ही शेजारी उघडून वहीत दोन रकाने पाडतो. घाईवाल्यांना सारांश हवा असतो, आणि सारांशात या दोघांची खिचडी झालेली असते.

'व्हायकिंग' ही जात नव्हे, लुटीला निघणाऱ्याचं नाव. 'एरिक्सन' हे आडनाव नव्हे, बापाचं नाव.

होकायंत्र त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून नकाशावर सरळ रेघ ओढू नका. जुन्या आइसलंडी वाटखुणा वाचा: फेरो बेटांच्या दक्षिणेनं जा, पण इतक्या लांबून की डोंगर निम्मे पाण्यात बुडालेले दिसावेत, आइसलंडच्या खालून जाताना तिथले पक्षी नि देवमासे नजरेत ठेवा.

आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधली लान्स ओ मेडोजची नॉर्स वस्ती हेच अख्खं व्हिनलंड, म्हणजे सागांमधला अमेरिकेचा मुलूख, असं ठोकून देऊ नका. तिथं बटरनट या अक्रोडाच्या जातीच्या झाडाची फळं सापडली. ते झाड तिथं उगवत नाही. त्यासाठी बरंच दक्षिणेला जावं लागतं.