सिग्नलला गाडी थरथरते? पार्ट बदलण्याआधी दोष असा शोधा

गाडी पळते छान, पण सिग्नलला उभी राहिली की स्टीअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा खाली-वर होतो, कधी इंजिन बंदच पडतं. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारते. मग अंदाजाने आधी प्लग बदलले जातात, नंतर कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग), नंतर इंजेक्टर (इंधन फवारणारे) साफ होतात. बिल वाढत जातं आणि थरथर तशीच राहते. म्हणून आधी एकच गोष्ट शोधा: इंजिनातला एखादाच सिलिंडर (इंधन जळण्याचा कप्पा) गळाठलाय, की सगळेच अडखळताहेत? खाली सांगितलेलं सगळं इंजेक्शनच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतात, तिथे तपासणीची वाट वेगळी.

१. आधी नुसतं बघा

गाडी मोकळ्या जागी उभी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. न्यूट्रल, हँडब्रेक, एसी बंद. तापलेल्या इंजिनाचं आयडलिंग (रेस न देता उभ्या गाडीतला वेग) बहुतेक गाड्यांत ७०० ते ९०० आरपीएमच्या आसपास असतं. सकाळी थंड असताना ते जास्त असणारच.

काटा एका जागी स्थिर आहे आणि तरी गाडी हादरतेय? मग संशय इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या आधारांवर. त्याचं रबर फाटलं किंवा बसलं की निरोगी इंजिनाचीही थरथर केबिनमध्ये येते. काटाच नाचत असेल तर पुढे चला. एसी लावल्यावर काटा क्षणभर खाली जाऊन सावरतो, तो दोष नव्हे.

२. कोड वाचा

स्टीअरिंगच्या खाली ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचण्याचं) सॉकेट असतं. त्यात लावायचं छोटं ब्लूटूथ उपकरण आणि मोबाइलवरचं अॅप एवढं पुरतं. पी०३०१ ते पी०३०४ या कोडमधला शेवटचा आकडा मिस मारणाऱ्या सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा इंधन कमी.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो तापतो आणि निकामी होतो, आणि कन्व्हर्टर कॉइलपेक्षा कितीतरी महाग आहे.

३. कॉइलची अदलाबदल

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर ही चाचणी फुकटात होते आणि तिच्याइतकं स्पष्ट उत्तर दुसरी कुठलीच देत नाही. समजा कोड पी०३०३ आहे. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावा, एकची तीनला. कोड पुसा आणि गाडी थोडी चालवा. आता पी०३०१ आला तर कॉइल खराब. पुन्हा पी०३०३ आला तर कॉइल निर्दोष. मग तसेच प्लग फिरवा. कनेक्टरचं लॉक दाबूनच तो सोडवा, वायर ओढू नका. त्याच वेळी वायरिंगही निरखा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे मिसिंगचं अगदी नेहमीचं कारण आहे.

प्लग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढा, नाहीतर अॅल्युमिनियमच्या हेडचे (इंजिनाच्या वरच्या भागाचे) आटे जातात. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे ऑइल आत येतंय. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्लगच्या टोकाचा गॅप मोजा आणि तो मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा.

४. हवेची गळती आणि थ्रॉटल बॉडी

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग. आयडलिंगला थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद असते, इंजिन अगदी थोडी हवा घेतं. त्यामुळे पाइपची बारीकशी चीरही तेव्हा जाणवते आणि रेस वाढवली की थरथर नाहीशी होते. इंजिन चालू ठेवून ‘स्स्स’ असा आवाज येतो का ऐका. पीसीव्हीचा पाइप (इंजिनातली वाफ परत आत नेणारा), ब्रेक बूस्टरचा पाइप आणि मॅनिफोल्डचे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचे) जोड तपासा. बेल्ट आणि पंख्यापासून हात आणि ओढणी दूर ठेवा. गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारायची पद्धत सर्रास दिसते. घरी ती करू नका, आग लागते.

थ्रॉटल बॉडीत काळा थर दिसला तर इग्निशन बंद करून, थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोरात ढकलू नका. साफ केल्यावर आयडलिंग काही काळ वर-खाली होऊ शकतं. काही गाड्यांत ते स्कॅनरने पुन्हा शिकवावं लागतं.

५. सीएनजीवर वेगळं, पेट्रोलवर वेगळं?

सीएनजीवाल्यांच्या हातात तपासणीचं आयतं साधन आहे: इंधन बदलण्याचं बटण. फक्त सीएनजीवर थरथरते तर गॅसचा फिल्टर, गॅस इंजेक्टर किंवा रेग्युलेटर बघायला हवा. पण त्याआधी प्लग आणि कॉइल तपासा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडतो. फक्त पेट्रोलवर थरथरते तर महिनोन्महिने न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर किंवा टाकीतलं जुनं पेट्रोल यांच्यावर संशय घ्या. अधूनमधून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवलं तर हा त्रास टळतो. गॅसचा वास आला तर मात्र सगळी तपासणी थांबवा, गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत केंद्राला कळवा.

६. एवढं करूनही तोच सिलिंडर

प्लग, कॉइल, इंजेक्टर ठीक असून कोड हलत नसेल तर कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करायला सांगा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली आला, तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्या असाव्यात. तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर. बाहेरून गॅस किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीट झिजलेली सापडते. हेड उघडण्याआधी ऑइल टाकण्याआधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे कागदावर लिहून मागून घ्या.