परसातले डास: पाणी ओतलंत, पण पिंप घासलंत का?

"दर रविवारी पिंप रिकामं करतो, तरी डास आहेतच." ही तक्रार मी दर पावसाळ्यात ऐकते, आणि दरवेळी एकच विचारते: घासलंत का?

डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्तीची मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवते. मिरपुडीचे कण चिकटावेत तसे काळे ठिपके दिसतात. पिंप उन्हात वाळवलं तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून नारळाची शेंडी किंवा ताठ ब्रश घेऊन कडा खरवडून घासा, मग भरा. अळ्यांचं पाणी गटारात ओतू नका, कोरड्या मातीवर ओता. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा ठरलेला वार चुकवून चालत नाही.

हौद उपसता येत नसेल तर गप्पी मासे उत्तम. आमच्या हौदात मात्र गप्पी असूनही अळ्या वळवळत होत्या, कारण मुलं त्यांना रोज पोळीचे तुकडे घालत होती! पोट भरलेला मासा अळ्यांमागे कशाला धावेल? वरचं खाणं बंद केलं आणि चार दिवसांत पाणी स्वच्छ दिसू लागलं. हे मासे ओढ्यात किंवा तळ्यात मात्र सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना ते जड जातात.

आता डास चावतात कधी ते बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. दिवसा, पायाशी चावत असतील तर साठवलेलं स्वच्छ पाणी शोधा: करवंट्या, कुंडीखालच्या बशा, जुने टायर, सरपणावरच्या ताडपत्रीच्या घड्या, पाल्याने तुंबलेली पन्हळ. रात्री कानाशी गुणगुण होत असेल तर तो बहुधा क्युलेक्स, घाण पाण्यातला. तिथे पिंपं घासून काही होणार नाही. संडासाच्या टाकीच्या उभ्या पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी घट्ट बांधा, झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा आणि मोरीचं पाणी साचू न देता अळवाला, केळीला वळवा.

तुळस किंवा गवती चहा नुसता लावून डास पळत नाहीत. कडुनिंबाचा धूर तेवढ्यापुरता, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर तोही नको. निळ्या दिव्याच्या यंत्रात पतंग आणि इतर किडेच जास्त मरतात. त्यापेक्षा ओटीवर पंखा लावा, वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांनी दिवसा चावतच असतील, तर उगम कुंपणापलीकडे असू शकतो. एडिस फार लांबून येत नाही. शेजाऱ्यांना सोबत घेऊन दोन्ही परसं एकाच दिवशी पालथी घाला.