अमेरिकेतल्या जुन्या पाणचक्कीवाल्यांची वंशावळ शोधताना या चुका टाळा

बहुतेकांचा शोध आडनावापासून सुरू होतो आणि तिथेच फसतो. पेनसिल्व्हेनियात आलेल्या कितीतरी जर्मन ‘म्यूलर’ कुटुंबांचं कागदोपत्री ‘मिलर’ झालं, पण धंदा शेतीचा, विणकामाचा, कशाचाही असे. आपल्याकडचा प्रत्येक कुलकर्णी कुठे दप्तर लिहितो? धंद्याचे शब्दही नीट वाचा. ‘मिलर’ म्हणजे दळणारा, ‘मिलराइट’ म्हणजे चक्की उभारणारा कारागीर. दळणारा अनेकदा पगारी किंवा खंडकरी असे, त्यामुळे त्याच्या नावावर जमीन नसली तरी तो त्या गावात नव्हताच असं ठरवू नका.

आधी ओढा धरा. धार, बंधारा आणि पाट असेल तिथेच चक्की चाले. मालक बदलले तरी जागा सहसा बदलत नसे. जुनं नावही विकल्यावर टिकून राही, म्हणून नकाशावरच्या नावाचा माणूस त्या वर्षी मालक होताच असं धरू नका. काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दस्त कचेरीत विक्रेता आणि खरेदीदार अशा दोन सूच्या असतात. त्या दोन्ही पाहत एकेक खरेदीखत मागे नेत जा. विक्रीच्या वेळी बायकोने जमिनीवरचा हक्क सोडल्याची नोंद असेल, तर तिचं नाव हाती लागतं. बाप वारल्यावर वारसांनी मिळून चक्की विकली असेल, तर एकाच दस्तात मुलं, लेकी आणि जावईही सापडू शकतात. असा एक दस्त दहा ऐकीव वंशवृक्षांहून मोलाचा.

व्हर्जिनियात बंधाऱ्यासाठी काउंटी न्यायालयाकडे अर्ज करावा लागे. पाण्याखाली कोणाची किती जमीन जाईल, हे 12 जमीनमालकांचे पंच जागेवर जाऊन पाहत. या नोंदी न्यायालयाच्या आदेशवह्यांत असतात. सूचीत नाव सापडलं नाही तर पानं उलटावी लागतात. कंटाळा करू नका, शेजारी कोण होते ते इथेच कळतं.

कागद सापडत नसेल तर काउंटीची हद्द तपासा. पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी 1729 मध्ये चेस्टरमधून निघाली, डॉफिन 1785 मध्ये लँकेस्टरमधून. चक्की जागची हलली नाही, दप्तर मात्र तीन कचेऱ्यांत विभागलं गेलं.

1790 ते 1840 च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. 1850 पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव येतं, पण नातं 1880 पासूनच. त्याआधी एका घरात दिसलेली मुलं त्याच जोडप्याची असं गृहीत धरू नका. 1850 ते 1880 चे उद्योगांचे तक्तेही काढा, त्यांत भांडवल, धान्य आणि कामगारांचे आकडे आहेत. मात्र वर्षाला 500 डॉलरहून कमी माल काढणाऱ्या चक्क्या त्यांत नाहीत.

‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बापलेकच असं नाही, एका गावातल्या सारख्या नावाच्या दोघांनाही तसं लिहीत. 1752 पूर्वी इंग्रज वसाहतींत वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी 1731 आणि फेब्रुवारी 1732 हा एकच महिना असू शकतो.

दक्षिणेत कित्येक चक्क्या गुलाम माणसांनी चालवल्या. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या तक्त्यांत मालकाचं नाव आहे, गुलामांची नावं जवळपास कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी 1870 ची जनगणना आणि मालकाच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी पाहा. त्या यादीत चक्कीच्या दगडांच्या आणि पीठ चाळायच्या कापडाच्या बरोबरीने माणसाचं नाव आणि किंमत लिहिलेली असते.