पटावरचं नाव वर्गात आणायचं तर

विदर्भातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या पटावर एखाद्या दिव्यांग मुलाचं नाव असं असतं, की हजेरी घेताना गुरुजी ते न पुकारताच पुढे जातात. मूल घरी ओट्यावर, मायबाप वावरात. कागद पूर्ण असतो, शिक्षण मात्र सुरूच झालेलं नसतं. ते नाव वर्गात आणायला जी कामं लागतात, त्यातली बहुतेक गावातल्याच माणसांच्या हातची आहेत. ती ज्या क्रमाने करावीत, त्या क्रमाने इथे मांडली आहेत.

प्रवेश आधी, प्रमाणपत्र मागून

"आधी अपंगाचं सर्टिफिकेट आणा, मग नाव घालू" हे उत्तर ऐकून पालकांनी परत फिरू नये. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा पालकांना हवी असल्यास विशेष शाळेत, मोफत शिक्षण मिळायलाच हवं. प्रमाणपत्र लागतं ते सवलतींसाठी.

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. नाव त्याआधीच घालून घ्या आणि प्रमाणपत्राचं काम सोबत चालू ठेवा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, बोलावणं आलं की तपासणीला जायचं, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० टक्क्यांत पिवळं, त्यावर निळं. लहान मुलांचं प्रमाणपत्र बरेचदा ठरावीक मुदतीचं असतं. ती तारीख फायलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर दहावीचा फॉर्म भरताना ते संपलेलं निघतं.

मेळघाट किंवा गडचिरोलीकडच्या शाळांनी एक गोष्ट फार जपून करावी. घरी कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणारं मूल पहिलीत गप्प बसतं, मराठी सूचना त्याला कळत नाहीत, आणि त्याच्यावर 'मतिमंद' असा शिक्का बसतो. तो शिक्का पुढे पुसता पुसला जात नाही. म्हणून त्याच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला, अंगणवाडी मदतनीस असो की वरच्या वर्गातली मुलगी, सोबत बसवून आधी पाहा. "वाटी आण, चमचा ताईला दे" असं दुहेरी काम घरच्या भाषेत सांगून ते केलं, तर अडचण भाषेची असण्याची शक्यता मोठी आहे.

घरापासून बाकापर्यंत चालून बघा

मुलाच्या घरून शाळेपर्यंत एकदा त्याच्यासोबत जा, शक्यतो पावसाळ्यात. पांदणीच्या चिखलात व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात आणि खुर्ची पुढे कलंडते. अशा ठिकाणी खुर्ची मागे तिरकी करून मोठ्या चाकांवर न्यायची, किंवा उलटी फिरवून ओढायची. हे नेणाऱ्याला करून दाखवावं लागतं. नेणारी माणसं दोन ठरवा. एकच ठरवलं, तर कापूस वेचणी लागली की मूल घरी राहतं.

शाळेतला रॅम्प बहुतेक ठिकाणी आहे, पण चढता येण्याजोगा फार थोड्या ठिकाणी. हिशोब सोपा आहे: जोत्याची जितकी उंची, त्याच्या बारापट लांबी. जोतं दीड फूट असेल तर रॅम्प १८ फूट. प्रत्यक्षात तो सात-आठ फुटांतच उरकतात, कारण पुढे झेंड्याचा ओटा येतो. असा रॅम्प मुलाला एकट्याने चढता येत नाही आणि उतरताना खुर्ची सुटते. जागा नसेल तर रॅम्प व्हरांड्याच्या कडेने वळवा, वळणावर ५ फूट बाय ५ फूट सपाट जागा सोडा. दारापुढेही तेवढीच सपाट जागा हवी. रुंदी ४ फूट, दोन्ही बाजूंना अडीच आणि तीन फुटांवर असे दोन दांडे, आणि चाक घसरू नये म्हणून कडेला तीन-चार इंचांची कड. वर टाइल्स लावू नका. ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या की पुरे.

आता आपल्या काळ्या मातीचं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच गिट्टी टाकून केलेला रॅम्प जोत्यापासून सुटून खाली बसतो आणि वरच्या टोकाला पायरी तयार होते. अर्ध्या इंचाची पायरीसुद्धा लहान चाक अडवायला पुरते. त्यामुळे खालची काळी माती निदान दोन फूट काढा, मुरूम ६ इंचांच्या थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोका. जोतं आणि रॅम्प यांच्यामधली फट डांबराने भरा. छपराचं पाणी रॅम्पच्या पायथ्याशी पडत असेल तर ते आधी दुसरीकडे वळवा. फाटकापासून रॅम्पपर्यंत ४ फूट रुंद काँक्रीटची पट्टी हवीच. ती नसेल तर रॅम्प कितीही चांगला असो, तिथवर पोचणार कोण?

संडासाचं दार ३ फुटांचं आणि बाहेर उघडणारं असावं. आत खुर्ची वळायला ५ फूट जागा, बसल्या जागी हात पोचेल असा नळ. आणि तिथे झाडू, तुटकी बाकं ठेवू नका. कुलूप लावून किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवण्याची पद्धत तर आजच बंद करा. मुली दिवसभर पाणी न पिता बसतात, त्याचं एक मोठं कारण हेच कुलूप आहे.

वर्गात काय करायचं

श्रवणयंत्र. शिबिरात यंत्र मिळतं, महिनाभरात ते डब्यात जातं. यंत्र बिघडलेलं क्वचितच असतं, बहुधा बॅटरी संपलेली असते. ही बटणासारखी बॅटरी हवेवर चालते. वरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडी ठेवा, मग बसवा. ती साधारण एक-दोन आठवडे चालते, म्हणून एक पाकीट शाळेत असू द्या. रोज सकाळी यंत्र चालू करून मुठीत धरा. शिट्टी वाजली तर चालू आहे, नाही वाजली तर बॅटरी बदला. कानात असताना शिट्टी वाजत असेल तर कानाचा साचा सैल झालाय. मूल वाढतं तसा कान वाढतो, साचा नवा करून घ्यावा लागतो. साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब दिसले तर नळी यंत्रापासून काढून फुंकून कोरडी करा. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुडीसोबत झाकणाच्या डबीत ठेवा. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका. हे मूल तुमचे ओठ वाचत असतं.

कमी दिसणारं मूल पहिल्या रांगेत बसवा, पण खिडकीसमोर नाही. फळ्यावर चकाकी येते का, ते त्याच्या जागी बसून पाहा. लिहिताना मोठ्याने वाचत लिहा. याचा फायदा साऱ्या वर्गाला होतो.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात बराच आहे आणि तो कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे. मूल वरून धडधाकट दिसतं, त्यामुळे 'कामचुकार' ठरतं. पाणी कमी पडलं, थंडी वाजली किंवा अति श्रम झाले की हाडं-सांधे असह्य दुखतात. त्याच्या बाकावर पाण्याची बाटली असावी आणि लघवीला विचारेल तेव्हा सोडावं, कारण या आजारात लघवी जास्त होते. त्याला परिपाठाला उन्हात उभं करू नका. ताप आला तर घरी झोपायला न पाठवता त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा.

बौद्धिक दिव्यांग मुलासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकासोबत वैयक्तिक आराखडा करा. त्यात "गणितात प्रगती करणे" असं लिहू नका, त्यावरून उद्या काय शिकवायचं ते कळत नाही. "दिवाळीपर्यंत मागितल्याबरोबर १ ते ५ तुरीचे दाणे मोजून हातावर देईल, पाचपैकी चार वेळा" असं लिहा. मग आठवड्याला दोनदा पाहा. तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर मुलाला दोष देऊ नका, पायरी लहान करा: आधी तीनपर्यंत.

तीव्र दिव्यांगत्वासाठी घरी शिक्षणाची सोय आहे. पण ती खरोखर घराबाहेर पडू न शकणाऱ्या मुलासाठी. रॅम्प नाही म्हणून कोणाला त्या यादीत टाकणं अन्याय आहे.

पैसा कुठून

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तोंडी मागू नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मोजमापासह खर्चाचा कागद द्या, इतिवृत्तात नोंद झाली का ते वाचून बघा. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, १० महिने भत्ता आहे. नाव यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, दिव्यांग म्हणून नोंदलेलं नसेल किंवा बँक खातं आधारला जोडलेलं नसेल, तर तो अडकतो.

दहावीची तयारी नववीतच

ज्यांना गरज आहे त्यांना बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा आणि लेखनिक मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास जास्त. प्रस्ताव शाळेमार्फत नागपूर किंवा अमरावती विभागीय मंडळाकडे जातो. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो शोधू नका. नववीच्या घटक चाचणीपासून तीच जोडी बसवा, कारण उत्तर तोंडी सांगून लिहून घेणं ही सरावानेच येणारी गोष्ट आहे. स्वल्पविराम कुठे, परिच्छेद कुठे, आकृतीतलं नाव कुठल्या बाणाला, हे सगळं सांगावं लागतं.

गैरहजेरी

सलग तीन दिवस मूल आलं नाही, तर त्याच संध्याकाळी कोणीतरी घरी जावं. रागवायला नाही, चार गोष्टी विचारायला: नेणारं माणूस वावरात गेलं का, खुर्ची किंवा यंत्र बिघडलं का, कुठे दुखतं का, शाळेत कोणी चिडवलं का. चौथा प्रश्न आईबापांना विचारून भागत नाही. तो मुलालाच, बाजूला बसवून विचारा.