टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ असे दिसल्यास छत्री फिरवण्यापूर्वी

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात दोन-चार घरांच्या टिनांवर माणसे चढलेली दिसतात. खालून कोणीतरी ‘आला, आला... गेला’ असे ओरडत असतो आणि वरचा माणूस छत्री, म्हणजे टीव्हीची डिश, बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत असतो. वस्तुतः नटबोल्ट घट्ट असतील आणि वानरांनी तिच्यावर उडी मारली नसेल, तर छत्री आपणहून दिशा बदलत नाही. दोष बहुधा केबलमध्ये, त्यातही तिच्या जोडांमध्ये असतो. म्हणून शोध घरातील सेट टॉप बॉक्सपासून सुरू करून छत्रीपर्यंत न्यावा.

भर पावसात चित्र गेले असेल तर काहीही करू नये. उपग्रहाच्या लहरी दाट पावसात क्षीण होतात आणि सर ओसरल्यावर चित्र परत येते. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, त्यामुळेही काही मिनिटे अडथळा येतो. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळे आपल्या भागात ही वेळ सकाळी ११ च्या आसपास येते. या योगाचा एक फायदाही करून घेता येतो: त्या दिवसांत, त्या वेळी अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीची सावली छत्रीवर पडत असेल, तर तीच फांदी सिग्नलच्या वाटेत आहे असे खुशाल समजावे. फेब्रुवारीत पानगळ झालेली असताना चांगला चालणारा टीव्ही नवी पालवी दाटल्यावर अडखळू लागतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

यानंतर बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता पाहावी. दोन्ही शून्य असल्यास केबल किंवा एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला, लहरी टिपणारा भाग) यांवर संशय घ्यावा. ताकद दिसते पण गुणवत्ता शून्य आहे, अशा वेळी मात्र छत्रीची दिशा बिघडली असण्याची शक्यता अधिक. काही चॅनल दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत, ही तक्रार वेगळी आहे. ज्या तारेतून चित्र खाली येते त्याच तारेतून बॉक्स एलएनबीला वीज पाठवतो. उभ्या ध्रुवीकरणाच्या (म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा उभी असलेल्या) चॅनलसाठी सुमारे १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी सुमारे १८ व्होल्ट. जोड गंजला असेल, तर १८ व्होल्ट वरपर्यंत पूर्ण पोहोचत नाहीत आणि चॅनलांचा एक गटच नाहीसा होतो. मल्टिमीटर असल्यास तो डीसीवर ठेवून एलएनबीकडील टोकाला मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यामध्ये विजेचा दाब (व्होल्ट) मोजावा. बॉक्सच्या तोंडाशी दाब पुरेसा आहे पण वर कमी भरतो, याचा अर्थ केबल दोषी आहे.

आता कनेक्टर. ते उघडण्याआधी बॉक्सची पिन भिंतीतील बोर्डातून काढावी, कारण मधली तार जाळीला टेकली तर बॉक्सचा वीजपुरवठा बिघडू शकतो. गेल्या वर्षी आमच्या घरी बॉक्समागचा कनेक्टर सोडवला, तेव्हा त्यातून पाण्याचे दोन थेंब टेबलावर पडले. छतावरून घरात येईपर्यंत बारा-तेरा मीटर केबल होती. वरच्या सैल कनेक्टरमधून शिरलेले पाणी जाळीच्या बारीक तारांतून झिरपत थेट आत आले होते. वरचे टोक कापून पाहिले तर चकचकीत हवी ती जाळी काळी पडलेली आणि मधल्या तांब्यावर हिरवा थर चढलेला. असे टोक पुसून पुन्हा बसवण्यात अर्थ नसतो. स्वच्छ तांबे दिसेपर्यंत केबल कापत जावे. दोन-तीन फुटांवरही काळीच निघाली तर ती केबल बदलावी.

नवा कनेक्टर बसवताना वरचे काळे आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोलावे, जाळी मागे दुमडावी, पांढरे इन्सुलेशन कनेक्टरच्या आतील तळाशी समपातळीत राहील इतके ठेवावे आणि मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर येऊ द्यावी. जाळीचा एखादा केसासारखा तंतू मधल्या तारेला चिकटलेला राहतो आणि अख्खा दिवस वाया घालवतो, म्हणून उजेडात डोळ्यांजवळ धरून पाहावे. एलएनबीकडील जोडावर रबरी बूट किंवा स्वतःलाच चिकटणारी जलरोधक टेप हवी. साधी काळी टेप आपल्या मे महिन्यातल्या उन्हात डिंक सोडून गळून पडते. केबल एलएनबीजवळ थोडी खाली झोळ देऊन बांधावी, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता झोळाच्या तळाशी गळते.

दोन तुकडे पिळून टेप गुंडाळणे टाळावे. जोडणे भागच असेल तर जॉइनर वापरावा आणि तो छताखाली ठेवावा. केबल आरजी-६ जातीचीच घ्यावी. जुन्या केबल टीव्हीची उरलेली बारीक तार घरात पडलेली असते आणि ती वापरण्याचा मोहही होतो, परंतु तिच्यात सिग्नलची घट अधिक होते. उंदरांनी कुरतडलेले आणि टिनाच्या कडेवर घासलेले भाग हाताने चाचपून शोधावेत.

केबल निर्दोष ठरली, तर शेजाऱ्याचा चालू एलएनबी त्याच जातीचा असल्यास तासभर लावून पाहावा. चित्र आले तर आपला बदलावा. छत्रीची पाळी सर्वांत शेवटी. टिनावर चढण्यापूर्वी आभाळ पाहावे, विजेच्या तारांपासून दूर राहावे आणि गडगडाट होत असेल तर काम तसेच सोडून आधी बॉक्सची पिन आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत. छत्री हलवण्याआधी खांबावर आणि पट्टीवर खडूने किंवा खिळ्याने खुणा कराव्यात. फ्री डिशसाठी आपल्याकडे छत्रीचे तोंड आग्नेयेला असते आणि उपग्रह क्षितिजापासून साधारण ६० अंश वर असतो, तरी ऑफसेट बनावटीमुळे (एलएनबी छत्रीच्या मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असल्यामुळे) छत्री त्या मानाने बरीच उभी दिसते. हे पाहून तिला आणखी मागे झुकवू नये. गुणवत्तेचा आकडा सर्वाधिक आल्यावर नट एकदम न आवळता आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत आणि तोवर खालच्या माणसाला तो आकडा मोठ्याने वाचत राहायला सांगावे, कारण शेवटच्या पिळात छत्री हमखास किंचित सरकते.